वाढत्या अंगाचा झगा

७ ऑक्टोबर २००७, रविवार

आज डोकंच फिरलं. शब्बाथ शाळेच्या वर्गात मागच्या बाकावर खुसुरखुसुर चाललेली. जाऊन बघते तर नोएलच्या हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक. गंगापूर रोडच्या कुठल्याशा क्लबात एकतीस तारखेला हॅलोविन पार्टी. दात विचकणारा भोपळा, कवट्या, वटवाघळं. भुताचे कपडे घालून या, सगळ्यांत भयानक दिसेल त्याला बक्षीस. माझ्या वर्गातली निम्मी पोरं जाणार म्हणे.

"तू काय होणार रे?" मी विचारलं.

"टीचर, मी मेलेला माणूस."

"ते तर एक दिवस सगळेच होणार आहोत. त्यासाठी क्लबात कशाला जायला पाहिजे?"

वर्ग खो खो हसला. मला हसू नको होतं, लाज पाहिजे होती.

तक्रार घेऊन पाळकसाहेबांकडे गेले. घोलप पाळक वयाने माझ्या मुलासारखे, पण डोकं शांत. म्हणाले, "लीलाबाई, पोरांना नुसतं नको म्हणून भागत नाही, त्या जागी काहीतरी द्यावं लागतं. आणि तो दिवस मुळात आपलाच आहे. दुसऱ्या दिवशी सगळ्या संतांचा सण, त्याच्या पुढच्या दिवशी आपल्या गेलेल्या माणसांची आठवण. त्याची ही आदली संध्याकाळ. ती भुतांना कोणी देऊन टाकली?" त्या संध्याकाळी चर्चमध्ये मुलांचीच उपासना ठेवू, म्हणाले. अंधारातून उजेडाकडे यायचं. तुम्हीच घ्या हातात.

घेतलं. 'तुम्हीच घ्या' असं कोणी म्हटलं की माझ्याच्याने नाही म्हणवत नाही. घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "म्हणजे आता महिनाभर घरात माझं भूत होणार." प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून हे फार विनोदी झालेत.

१० ऑक्टोबर, बुधवार

सगळं डोक्यात बसवलं. दिवे बंद. मागच्या दारातून पोरं एकामागून एक येणार, पांढरे झगे घातलेले देवदूत, प्रत्येकाच्या हातात पणती. वेदीपाशी आलं की एकेकाने वचन म्हणायचं. मग त्या पणत्यांवरून सगळ्या मंडळीच्या मेणबत्त्या पेटवायच्या. भुताखेताचं नाव नाही, मरणाचं नाव नाही. फक्त उजेड.

झग्यांची काळजी नाही, नाताळच्या नाटिकेची ट्रंक माझ्याच ताब्यात आहे. अडलंय ते ऑर्गनपाशी. मार्था लोंढेशिवाय त्यावर कोणाचा हात बसत नाही, आणि मार्था वर्ष झालं चर्चची पायरी चढलेली नाही. एकुलती एक मुलगी गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तापाने गेली. आठ वर्षांची पोर. त्यानंतरही मार्था दर रविवारी येऊन वाजवत होती, पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मृतांच्या आठवणीची उपासना झाली आणि तिथे बिनसलं.

त्या उपासनेत गेलेल्यांची नावं वाचतात, आणि नाव आलं की त्या घरची माणसं उभी राहतात. मी तेव्हाच्या जुन्या पाळकांना आधीच सांगून ठेवलं होतं, मार्थाच्या मुलीचं नाव या वर्षी घेऊ नका, जखम ओली आहे, भर चर्चमध्ये कोसळेल बिचारी. त्यांनी ऐकलं. तरी व्हायचं ते झालंच. शेवटचं नाव वाचून झालं आणि मार्था बाकावरून अर्धवट उठली, इकडेतिकडे बघितलं आणि तशीच बाहेर निघून गेली. नाव न घेता ही अवस्था, घेतलं असतं तर काय झालं असतं कोण जाणे.

तिला परत आणायचं आहे. खरं सांगायचं तर ही सगळी संध्याकाळ मी मनातल्या मनात तिच्याचसाठी मांडतेय.

१३ ऑक्टोबर, शनिवार

मार्थाकडे जाऊन आले. घर लख्ख आहे. भिंतीवर खिळा आहे, पण पोरीचा फोटो काढून ठेवलाय. तिच्या नवऱ्याने, शमुवेलभाऊंनी काढला असेल. बरं केलं. शमुवेलभाऊ समजूतदार माणूस, मी गेले की उठून बाहेर फेरी मारायला जातात, बायकांना मोकळं बोलू देतात.

मी इकडचं तिकडचं खूप बोलले. कांद्याचा भाव, ह्यांचा गुडघा, पोरांचं ते भूत-प्रकरण. नोएल मेलेला माणूस होणार हे सांगताना जीभ चावली. मार्था मात्र किंचित हसली.

"एक संध्याकाळ ये," म्हणाले, "माझ्यासाठी नको, पोरांसाठी ये."

ती बराच वेळ कप विसळत राहिली. मग म्हणाली, "येईन. सराव किती दिवस?"

माझं मन इतकं हलकं झालं की उठून निघालेच होते. चपला घालताना तिने विचारलं, "लीलाताई, तिचा नाताळचा झगा कुठे आहे, तुम्हाला माहितीय का? शमुवेल म्हणतो कुणाला तरी दिला. कुणाला ते सांगत नाही. मी सगळी कपाटं पालथी घातली."

"मला काय ठाऊक बाई," मी म्हणाले.

खोटं. धडधडीत खोटं. शमुवेलभाऊंनीच गेल्या वर्षी पिशवीत घालून माझ्याकडे आणून दिला होता. म्हणाले, हिच्या नजरेसमोर नको, रोज कुरवाळत बसते, तुम्ही कुठेतरी ठेवा. मी ट्रंकेच्या तळाशी ठेवला. आता नवऱ्याने विश्वासाने दिलेली वस्तू, ती मी कशी सांगणार? आणि सांगितलं असतं तर ती तो घेऊन बसली असती, एकतीस तारीख राहिली बाजूला.

असं मनाला बजावत रिक्षाने घरी आले. पण मन बधत नाही.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आमच्या इंदिरानगरच्या कोपऱ्यावर लंकाबाई बसते, फुलं आणि भाजी घेऊन. मळा सायखेड्याकडे, ती मुलाकडे इथे राहते. दसऱ्याच्या तोंडावर तिला बोलायला फुरसत नसते, पण आज मलाच हाक मारली.

"बाई, ते भुताचं काय करून ऱ्हायले तुमी? पोरं सांगत होती."

"भुताचं नाही हो, उजेडाचं."

"मंग आमच्या आरोहीला घ्या ना. लय हौस हाय तिला. गानं म्हनती, शाळंत बक्षीस मिळालंय."

आरोही तिची नात. नऊ वर्षांची, उंचेली, ओठात दात न मावणारी. मी म्हणाले, अहो ती आमच्या मंडळीतली नाही. लंकाबाईने झेंडूची टोपली माझ्यापुढे सरकवली. "फुलं लागतील ना तुमाला? समदी आमच्याकडून. पोरीला तेवढे पंख लावा." लंकाबाईपुढे कोणाचं चालत नाही. घेतलं पोरीला.

मग आपली बोलत राहिली. सर्वपित्रीला म्हाताऱ्याला जेवू घातलं, कावळा लगेच शिवला. "तुमच्यात नाय का बोलवत गेलेल्यांला?"

"आमच्यात नाही बोलवत. आमच्यात वर्षातून एकदा नावं वाचतात."

"निस्ती नावं?"

"नुसती नावं."

"मंग तेवढं तरी कराच हां," म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. तिला काय माहीत. पण मला उगीचच कोणीतरी पकडल्यासारखं झालं.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

ट्रंक उघडली. झग्यांना कसर लागलेली, दोन तर हातात घेताच फाटले. धुऊन, शिवून सगळ्यांचं जमवलं, आरोहीचं तेवढं जमेना. दुसऱ्या कोणाचा झगा तिला गुडघ्याच्या वरच राहतो. नवीन शिवावा तर आठवड्यात हातून होणार नाही, चादरी फाडून केला तर तोच एक वेगळा दिसेल, आणि पोर आधीच आपली वेगळी आहे म्हणून बुजते.

तळाशी एक झगा होता. कोणाचा ते लिहायला नको.

कापड फार सुंदर. मार्थाने स्वतःच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीचा शिवला होता, तिचाच चंदेरी काठ खाली आणि बाह्यांना. मी काठ उसवला. काळा पडलाच होता तसा. त्या जागी बाजारातली सोनेरी लेस लावली. खालून उसवताना बघते तर आत चार बोटं कापड दुमडलेलं. वाढत्या अंगाचा शिवला होता. दुमड सोडली तर आरोहीला बरोबर घोट्यापर्यंत येतो. जणू तिच्याच मापाचा.

हे पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, "एवढा चांगला काठ का काढतेयस?"

"काळा पडलाय."

"मला तर चांगला दिसतो."

"मग चष्मा बदला," म्हणाले. ह्यांनी पेपर परत तोंडासमोर धरला. पेपरचं पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

शेवटी कापडच आहे ते. ट्रंकेत कसरीने खाण्यापेक्षा कोणा पोरीच्या अंगाला लागलं तर प्रभूला काय वाईट वाटणार आहे? आणि मार्था ऑर्गनवर पोरांकडे पाठ करून बसणार. काठ नाही, दुमड नाही, तिला कळायचं कारणच नाही. काढलेला काठ मात्र टाकवला नाही. गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवलाय.

२८ ऑक्टोबर, रविवार

आज सरावाला मार्था आली. ऑर्गनवरची चादर काढली तेव्हा एवढी धूळ उडाली की पोरं शिंकत सुटली. दोन-तीन पट्ट्या बसेनात, तिने पिन घालून सारख्या केल्या. पाय ठेवला, भाता भरला आणि पहिला सूर निघाला, तेव्हा पाळकसाहेबसुद्धा कचेरीतून बाहेर येऊन उभे राहिले. मला रडू आलं. मी फुलदाणी पुसायला लागले.

पोरांना ती आवडली. आरोही तर तिला चिकटूनच. "हे पायाने का वाजवतात?" "हात कमी पडतात म्हणून," मार्था म्हणाली. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवून माझ्याकडे बघत, "उंच आहे नाही? कितवीत?"

"चौथीत," आरोहीने सांगितलं.

मार्थाने ऑर्गनच्या पट्ट्या पुसायला घेतल्या. तिच्या मुलीचं वय मोजत असेल, मला कळलं. मी लगेच विषय बदलला, पोरांना रांगेत लावलं.

झगे आज घातले नाहीत. मळतील म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. निघताना मार्थाने माझा हात धरला. "बरं केलंत मला ओढून आणलंत." त्या वेळी सांगून टाकायला हवं होतं. मार्था, तो झगा माझ्याकडे आहे, एवढंच. तोंडाशी आलं होतं. पण मग तिने हातच काढून घेतला असता, आणि एकतीस तारखेला ऑर्गन मुका राहिला असता. मी म्हणाले, "उपकार कसले त्यात."

तिने धरलेला हात घरी येईपर्यंत जड वाटत होता.

३१ ऑक्टोबर, बुधवार

झालं. लिहवत नाही.

१ नोव्हेंबर, गुरुवार

लिहिते. लिहिल्याशिवाय सुटका नाही.

चर्च भरलं होतं. एवढी माणसं नाताळलाच दिसतात. बाकांच्या टोकांना झेंडूच्या माळा, लंकाबाई स्वतः नवं लुगडं नेसून मागे बसलेली. दिवे गेले. मार्थाने सुरुवात केली आणि मागच्या दारातून पोरं निघाली. नोएल पहिला. पणती दोन्ही हातांत धरून एवढा जपून चालत होता की या पोराला मेलेला माणूस व्हायचं होतं हे कोणाला खरं वाटलं नसतं. मी खांबाशी उभी होते. मनात म्हटलं, देवा, हे माझ्या हातून झालं.

एक गोष्ट मी विसरले होते. म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी बघत आलेली गोष्ट. ऑर्गनच्या वर एक लहानसा आरसा बसवलेला आहे, मागून येणारी मिरवणूक वाजवणाऱ्याला दिसावी म्हणून.

आरोही शेवटी होती, उंच म्हणून. पणतीचा उजेड खालून झग्यावर पडत होता. दुमडीतलं कापड ऊन-पाणी न लागलेलं, वरच्यापेक्षा पांढरंशुभ्र. खाली चार बोटांचा पट्टा वेगळाच उजळलेला, आणि त्यावर जुन्या दुमडीची रेघ. माझी सोनेरी लेस तिथे काही झाकत नव्हती.

सूर मध्येच तुटला. भात्यातली हवा गेल्यासारखा हळूहळू बसत गेला. मार्था वळली नाही. आरशातच बघत राहिली. पोरांनी गाणं सोडलं नाही, मी तसं बजावूनच ठेवलं होतं, काहीही झालं तरी थांबायचं नाही. पोरं बिनसाथीची गात राहिली. आरोही वेदीपाशी पोचली. मग मार्था उठली, बाजूच्या दाराने बाहेर गेली. मागून शमुवेलभाऊ. माझ्यासमोरून जाताना त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

पुढचं सगळं ठरल्याप्रमाणे. वचनं झाली, मेणबत्त्या पेटल्या. लोकांना वाटलं ऑर्गन बिघडला. नंतर जो तो माझा हात हातात घेऊन अभिनंदन करतोय. पाळकसाहेब म्हणाले, दर वर्षी करू. लंकाबाईने माझ्या डोक्यावरून बोटं मोडली. क्लबात गेलेला एक पोरगा उशिरा इथे येऊन टपकला, म्हणतो, टीचर, तिथे भूतबीत काही नव्हतं, नुसता डीजे होता, इथलं भारी होतं. मी हसत होते. माझं तोंड हसत होतं.

भुतांना हाकलायला निघाले होते मी. आणि एका आईसमोर तिची मेलेली मुलगी चालवत आणली.

आज सकाळी तिच्या घरी गेले. शमुवेलभाऊंनी दार अर्धंच उघडलं. "ताई, आज नको."

"ती कशी आहे?"

"बसलीय," म्हणाले. मग खाली बघत, "चूक माझीही आहे. द्यायलाच नको होता." तो माणूस माझी चूक वाटून घेत होता, आणि मी दारात तशीच उभी. काठ मी उसवलाय, हे त्यांना कुठे माहीत आहे.

दुपारी शिवणाचा डबा काढला. लेस काढली. चंदेरी काठ होता तिथे परत लावला, जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच सुई घातली. खालची दुमड पूर्वीसारखी आत घातली. इस्त्री केली. जसा होता तसा झाला. हे शेजारी येऊन बसले, पण विनोद केला नाही. "मला तेव्हा कळलं होतं," म्हणाले, "बोलायला हवं होतं." मी म्हणाले, तुम्ही बोलला असतात तरी मी ऐकलं नसतं. तेवढं तरी आज खरं बोलले.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

कबरस्तानात सकाळी गर्दी असते. माणसं आपापल्या कबरी धुतात, चुना मारतात, फुलं आणि मेणबत्त्या लावतात, एकमेकांच्या घरचं विचारतात. मी सासू-सासऱ्यांची फुलं वाहून झाल्यावर पिशवी घेऊन कोपऱ्यातल्या लहान कबरींकडे गेले. या बाजूला मी वर्षभरात आले नव्हते. मार्था काथ्याने दगड घासत होती. एकटीच.

मी खाली बसले. गुडघा कुरकुरला. तिने वर बघितलं नाही.

"मार्था, झगा माझ्याकडेच होता. तू विचारलंस तेव्हाही होता. मी खोटं बोलले. आरोहीला मीच दिला, आणि तुला ओळखू येऊ नये म्हणून काठ काढला. चुकून झालं नाही ते. समजून उमजून केलं."

ती घासत राहिली. मी पिशवी पुढे केली. हात पदराला पुसून तिने झगा बाहेर काढला, मांडीवर पसरला. काठावरून बोट फिरवलं.

"परत लावलात."

"होता तसा केला सगळा."

तिने खालचा घोळ उलटला. दुमडीवर हात थांबला. "हे का दुमडलंत?"

"तूच दुमडलेलं होतंस ना. म्हणून."

तिने केसांतली पिन काढली आणि माझे टाके उसवायला लागली. एकेक टाका. मला वाटलं ती रागाने करतेय. राग नव्हता.

"ही पट्टी शारोनसाठी ठेवली होती," ती म्हणाली. "पुढच्या नाताळला सोडायची होती. तो नाताळ आलाच नाही. परवा आरशात बघितलं ना, तुम्हाला वाटत असेल मी घाबरले. मला ते भूत वाटलंच नाही, लीलाताई. मला वाटलं, एवढी झाली." मग ती पट्टी हाताने सरळ करत, "एवढीच झाली असती ना?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

"मग नाव घ्या ना तिचं. कुणीच घेत नाही. शमुवेल घेत नाही, फोटो उचलून ठेवला. तुम्ही आलात की कांद्याचा भाव सांगता. गेल्या वर्षी नावं वाचायच्या दिवशी मी नवी साडी नेसून आले होते. तिच्या नावाला उभं राहायचं, तेवढंच तर आता तिच्यासाठी करता येतं. वाट बघत होते. पुढचं तिचं असेल, पुढचं तिचं असेल. शेवटच्या नावाला तर मी उठलेच होते. मग कळलं, वाचणारच नाहीत. मला वाटलं शमुवेलनेच नको सांगितलं. वर्षभर त्याच्याशी धड बोलले नाही मी."

गप्प राहता आलं असतं. शमुवेलभाऊंच्या अंगावर ते तसंच राहू देता आलं असतं, आणि क्षणभर, देवा, मनात तेही येऊन गेलं.

"शमुवेलभाऊंनी नाही. मी सांगितलं होतं पाळकांना."

पिन थांबली. तिने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"जा तुम्ही आता," म्हणाली. "मला इथे बसू द्या."

आले निघून. आता ही मागची पानं चाळली. भोपळ्याबद्दल लिहिलंय, लंकाबाईबद्दल लिहिलंय, ऑर्गनच्या धुळीबद्दलसुद्धा. 'मार्थाची मुलगी' लिहिलंय, 'पोर' लिहिलंय. शारोन कुठेच नाही. जिला मी शब्बाथ शाळेत पहिलं वचन शिकवलं, तिचं नाव माझ्या वहीतही मी येऊ दिलं नाही, आणि वर म्हणत होते, मार्थाला त्रास नको.

४ नोव्हेंबर, रविवार

काल पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटत होतं, बरंही वाटलं असतं. ते फक्त म्हणाले, "मग नावं उद्या तुम्हीच वाचा." त्यापेक्षा रागावले असते तर सोपं होतं.

आज चर्चमध्ये ऑर्गनवर चादर होती. मार्था दिसली नाही. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि वाचायला लागले. घरं उभी राहत होती, बसत होती. तिचं नाव जवळ आलं तशी मी मान वर केली, तर शेवटच्या बाकावर दोघं. कधी येऊन बसली कळलंच नाही. मार्था नव्या साडीत, गेल्या वर्षीच्या, बाकाच्या अगदी कडेला बसलेली.

"शारोन शमुवेल लोंढे," मी म्हणाले.

आवाज फुटला की नाही कोणास ठाऊक, पण मार्था उठली. शमुवेलभाऊ उठले. त्यांच्या पुढच्या बाकावरचा नोएलही उठला, तो तिच्याच वर्गात होता, मग त्याच्या शेजारची पोरं. पुढची नावं वाचली, दुसरी घरं उठली, बसली. मार्था शेवटच्या नावापर्यंत उभीच राहिली. कोणी तिला बस म्हणालं नाही. मीही नाही.

उपासना सुटल्यावर मी दारापाशी थांबले. माफी मागायची होती, शब्द जुळवून ठेवले होते. तिने बोलूच दिलं नाही. हातात पिशवी दिली. झगा होता, खालची दुमड सोडलेली, कड साध्या टाक्याने शिवलेली.

"नाताळला आरोहीला घालू दे," म्हणाली. "पुढच्या वर्षी तिलाही आखूड होईल. आता आत कापड उरलेलं नाही."

शमुवेलभाऊंनी उन्हासाठी तिच्यावर छत्री धरली होती. दोघं बोलत बोलत फाटकाबाहेर गेली. मला माफ केलं का, ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही.

उद्या सकाळी लंकाबाईकडे जायचं. झगा कोणाचा आहे ते तिला आणि आरोहीला आधी सांगायचं, शारोनच्या नावासकट. मग पोरीला घालावासा वाटला तर घालेल.